देबूजीचे भजन, गाडगेबाबांचे कीर्तन : वऱ्हाडच्या लोकगायनपरंपरेतील एक चरित्र

प्रास्ताविक

वऱ्हाडच्या लोकसंगीताचा अभ्यास बहुधा गीतप्रकारांच्या वर्गीकरणापासून सुरू होतो. जात्यावरची ओवी, भुलाबाईची गाणी, पोळ्याच्या झडत्या, गोंधळ, भारूड, दंडार, भजन अशी मांडणी होते आणि प्रत्येक प्रकाराचे नमुने, प्रसंग व वाद्ये नोंदविली जातात. या मांडणीत गाडगेबाबांचे नाव क्वचितच येते. त्यांचा समावेश समाजसुधारकांत केला जातो, आणि हाती खराटा व डोक्यावर खापर असलेली त्यांची प्रतिमा इतकी ठसठशीत आहे की तिच्यापुढे त्यांचा आवाज मागे पडतो. वस्तुतः त्यांच्या हयातीत हजारो माणसे जमत ती त्यांचे कीर्तन ऐकण्यासाठी. दिवसा झाडलेल्या गावात रात्री गाणे उभे राहत असे, आणि ते गाणे वऱ्हाडच्या मातीतले होते.

गाडगेबाबांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहिले असता लोकपरंपरा आणि सांस्कृतिक अस्मिता यांच्या संबंधाविषयी एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. ज्या चालीरीतींना त्या काळचा वऱ्हाडी समाज आपली ओळख मानत होता, त्यांपैकी अनेकींवर या माणसाने आघात केले. नवसाचा बळी, कार्यातली दारू, जातीचा पंक्तिभेद आणि ऐपतीबाहेरचे जेवण यांतले काहीही त्यांनी सोडले नाही. तरीही वऱ्हाडने त्यांना परके मानले नाही. उलट, तोच प्रदेश त्यांना आपल्या अस्मितेचे नाव म्हणून मिरवतो. या विसंगतीचे उत्तर त्यांच्या गायनाच्या घडणीत सापडते.

वऱ्हाडची गायनभूमी

पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवरची काळी जमीन हा वऱ्हाडचा गाभा. १८५३च्या तहानंतर निजामाचा हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १९०३ साली तो मध्यप्रांताला जोडला गेला. १८६०च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला भाव चढला. त्याच सुमारास अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या मार्गाने लोहमार्ग आला आणि ज्वारीच्या शेतीत कापसाचे पीक वाढत गेले. कापसाबरोबर रोकड आली, रोकडीबरोबर सावकार आला आणि जमीन गहाण पडू लागली. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी या व्यवस्थेचे खरे रूप उघडे केले.

गायनाच्या दृष्टीने हा प्रदेश फार जुना आहे. रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात महदंबेने धवळे रचले, आणि मराठीच्या आद्य कवयित्रीची ही रचना लग्नप्रसंगी गाइल्या जाणाऱ्या बायकांच्या गीतांच्या परंपरेतून आली. म्हणजे मराठी काव्याच्या आरंभकाळीच वऱ्हाडचे लोकगायन ग्रंथात शिरले होते. पुढील शतकांत ते पुष्कळसे ग्रंथाबाहेरच वाढले.

या लोकगायनाचे एक लक्षण येथे विशेष महत्त्वाचे आहे. त्यातील बरेचसे प्रकार एकट्याने गाऊन पुरे होत नाहीत. भुलाबाईच्या गाण्यांत मुली घरोघर जातात, गाण्याची साखळी चालवितात आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. पोळ्याच्या तोरणाखाली एकजण झडती म्हणतो, तिला दुसरा झडतीनेच उत्तर देतो आणि सारा जमाव गजर करून ती पुरी करतो. भजनात एक आवाज पद उचलतो आणि झीलकरी ते परत देतात. सवाल आणि जबाब, उचल आणि झील हा या गायनाचा सांगाडा आहे. ऐकणारा येथे केवळ श्रोता नसतो. त्याच्या तोंडून अर्धे गाणे निघावे लागते.

दापुऱ्याचा देबू

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे, परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात खचले आणि मुलगा आठ वर्षांचा असताना वारले. घर आणि शेत गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आली. अशा रीतीने आजच्या अमरावती जिल्ह्यात जन्म आणि अकोला जिल्ह्यात वाढ असे हे जीवन प्रथमपासूनच पूर्णेच्या खोऱ्यात दोन्हीकडे पसरलेले आहे.

मामा चंद्रभान यांच्या घरी देबू गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. त्याचे शिक्षण झाले ते गुराख्यांच्या सोबतीत आणि रात्रीच्या भजनात. चरित्रकारांनी नोंदविले आहे की कामावरून परतल्यावर गावातील पोरांना जमवून भजन करणे हा त्याचा छंद होता आणि त्या भजनाचा पुढारी तोच असे. तुकोबांचे अभंग, कबिरांचे दोहे आणि गावोगाव फिरणारी पदे त्याने ऐकून ऐकून तोंडपाठ केली. अक्षरओळख नसलेल्या माणसाची स्मरणशक्ती कशी काम करते, याचा हा उत्तम दाखला आहे. पुढील आयुष्यात हजारो लोकांसमोर तासन्‌तास उभे राहून प्रसंगाला नेमका अभंग काढणारी त्यांची प्रतिभा दापुऱ्याच्या या रात्रींतून घडली.

गावातील भजन हे त्या काळी विरंगुळ्याचे साधन होते, तसे ते समाजदर्शनही होते. कोण कोठे बसतो, कोणाला झील धरता येते, कोणाला दाराबाहेरून ऐकावे लागते हे सारे तेथे दिसत असे. परीट समाजातील, पोरक्या आणि मामाच्या आश्रयाने वाढलेल्या मुलाला ही रचना अनुभवाने कळलेली होती. त्यांच्या कीर्तनात पुढे जातिभेदावर आलेला भर या अनुभवापासून वेगळा काढता येत नाही.

ऋण, बारसे आणि गृहत्याग

१८९२ साली देबूजींचा कुंताबाईंशी विवाह झाला. संसार रांगेला लागला असे वाटत असताना दोन प्रसंग घडले, आणि त्यांनी या जीवनाची दिशा ठरविली.

पहिला प्रसंग जमिनीचा. मामांच्या निरक्षरपणाचा फायदा घेऊन सावकाराने कर्जाच्या कागदावर त्यांची शेती गिळली. मामा त्या धक्क्यातून सावरले नाहीत. देबूजींनी सावकाराच्या माणसांना शेतात पाऊल टाकू दिले नाही आणि प्रत्यक्ष प्रतिकार केला. परंतु या लढ्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष केवळ सावकाराच्या दुष्टपणाचा नव्हता. अंगठा उठविणाऱ्या माणसाला कोणीही फसवू शकतो, हे त्यांना उमगले. मुलांना शिकविण्याचा जो आग्रह त्यांच्या कीर्तनात अखेरपर्यंत राहिला, त्याचे मूळ मामाच्या त्या कागदात आहे.

दुसरा प्रसंग बारशाचा. मुलीच्या बारशाला जातगंगेला मांसाचे जेवण आणि दारू द्यावी, असा रिवाज होता. देबूजींनी गोड जेवण घातले. जातीतील मंडळी रागावली, कारण त्यांच्या दृष्टीने हा परंपरेचा अवमान होता. ज्या घराचा कर्ता पुरुष दारूने गेला, त्या घरातल्या मुलाने हा रिवाज मोडला. परंपरेचे जतन आणि परंपरेचा दाह यांतला फरक त्यांनी या वेळी प्रथम जाहीरपणे दाखविला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे त्यांनी घर सोडले. अंगावर फाटके धडुते, हाती काठी आणि मातीचे गाडगे. या गाडग्यावरूनच पुढे लोकांनी त्यांना नाव दिले. सुमारे बारा वर्षे ते फिरत राहिले. मिळेल ते काम करावे, मागून आणलेली भाकर खावी, रस्ता किंवा पाणवठा साफ करावा आणि ओळख होण्यापूर्वी गाव सोडावे, असा त्यांचा क्रम होता. या काळात त्यांच्या गायनाला वऱ्हाडबाहेरचे श्रोते मिळाले आणि वारकऱ्यांचे, बैराग्यांचे व भिक्षेकऱ्यांचे गाणे त्यांच्या कानांवर पडले.

ऋणमोचन ते पंढरपूर

अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते आणि तेथील स्नानाने ऋण फिटते, अशी श्रद्धा आहे. कर्जाने नाडलेल्या कुणब्यांच्या मुलुखात अशा नावाचे क्षेत्र असावे, हे पुरेसे बोलके आहे. गाडगेबाबांनी या यात्रेला आपले कार्यक्षेत्र केले. नदीकाठच्या चिखलात घसरणाऱ्या माणसांसाठी त्यांनी वाट केली, लोकवर्गणीतून घाट उभा करविला, आणि त्याच काठावर कीर्तनातून कर्ज स्नानाने फिटत नाही, हे सांगितले. यात्रा बंद करा असे ते म्हणाले नाहीत. यात्रेची सोय आणि यात्रेची चिकित्सा ही दोन्ही कामे त्यांनी एका हाताने केली.

मूर्तिजापूर येथे त्यांनी गोरक्षण व धर्मशाळा उभारली. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा झाल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ज्यांना इतरत्र आसरा मिळत नव्हता त्यांच्यासाठी होती. १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन करण्यात आली. या साऱ्या वास्तूंचा पैसा मुख्यतः कीर्तनातून उभा राहिला, आणि बाबांनी तो स्वतःकडे ठेवला नाही. लोकगायक बिदागी घेतो, कीर्तनकार दक्षिणा घेतो. येथे मात्र गाण्याची मिळकत दगड-विटांत रूपांतरित होऊन श्रोत्यांकडेच परत जात होती.

१९२३ साली त्यांचा एकुलता मुलगा गोविंदा वारला. ती वार्ता त्यांना कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना कळली, आणि कीर्तन थांबले नाही. हा प्रसंग बहुधा वैराग्याचा दाखला म्हणून सांगितला जातो. परंतु गायनपरंपरेच्या दृष्टीने त्याचा आणखी एक अर्थ संभवतो. वऱ्हाडातली बाई जात्यावर बसून आपले दुःख ओवीत घालते आणि हात थांबू देत नाही. कामाची लय चालू ठेवून शोक वाहून नेण्याची ही रीत आहे, आणि खारेपाटणच्या त्या रात्रीचे नाते तिच्याशी जवळचे आहे.

कीर्तनाची घडण

नारदीय कीर्तनात पूर्वरंग व उत्तररंग असे दोन भाग असतात. कीर्तनकार अंगरखा, उपरणे, पागोटे अशा वेषात उभा राहतो, पेटी-तबल्याची साथ असते आणि आख्यानाला संस्कृत व पंडिती काव्याचा आधार असतो. वारकरी कीर्तनात वीणा, टाळ, मृदंग असतात व एका अभंगाचे निरूपण होते. गाडगेबाबांच्या कीर्तनाला यांपैकी कोणत्याही चौकटीत पूर्णतः बसविता येत नाही. वारकरी अभंगांचा साठा त्यांच्याजवळ होता, पण त्यांच्या कीर्तनाची चाल गावच्या भजनाची होती.

आरंभी गोपाळाच्या नामाचा गजर होई. शब्द मोजके, चाल सोपी आणि लय टाळ्यांची. पाच मिनिटांत सारा समुदाय त्यात ओढला जाई. साथीला वाद्यांचा फारसा सरंजाम नसे. कारण मुख्य वाद्य जमावाचे हात हेच होते. त्यानंतर प्रश्नांना सुरुवात होई. देव कोठे असतो, तो बोलतो काय, त्याला नैवेद्य कोण खाऊ देतो, कुत्र्याला कोण हाकलतो, असे साधे प्रश्न. श्रोत्यांनी मोठ्याने उत्तर द्यायचे, उत्तर हळू आले तर पुन्हा विचारायचे. एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघे, आणि काही वेळाने श्रोत्यांच्याच तोंडून असा निष्कर्ष बाहेर पडे की जो त्यांच्या नित्याच्या आचाराविरुद्ध असे. मग पुन्हा गजर.

या पद्धतीची तुलना ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटीस याच्या संवादपद्धतीशी करण्याचा मोह होतो. परंतु इतक्या दूर जाण्याची आवश्यकता नाही. झडतीला झडती देणारा, पदाला झील धरणारा वऱ्हाडी समाज सवाल-जबाबाला सरावलेला होता. गाडगेबाबांनी त्या सवयीत नवा आशय ओतला. बळी देऊ नये हे उपदेशकाने सांगितले असते तर ते परक्याचे मत ठरले असते. झील धरताना ते श्रोत्याने स्वतः उच्चारले, म्हणून ते त्याचे झाले. कर्ज काढून सण करू नये, भांडी विकावी लागली तरी चालेल पण मूल शाळेत घालावे, माणसाने माणसाला शिवू नये हा धर्म नव्हे, हे सारे या मार्गानेच लोकांच्या तोंडी आले.

अमरावतीतच १९२७ साली अंबादेवी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला, आणि १९३२ साली डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. वऱ्हाडच्या बहुजन समाजात जागृतीची ही जी हालचाल चालू होती, तिला सभा, ठराव व वृत्तपत्रे यांची साधने होती. जेथे वृत्तपत्र वाचणारे कोणी नव्हते, त्या खेड्यांतील रात्र गाडगेबाबांच्या कीर्तनाने व्यापली.

त्यांच्याच जिल्ह्यातील, यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांशी त्यांची तुलना उद्‌बोधक ठरते. तुकडोजींनी खंजिरीच्या साथीवर भजन उभे केले, मराठी-हिंदीत विपुल रचना केली आणि ‘ग्रामगीता’ लिहून आपला विचार ग्रंथबद्ध केला. त्यांचा ठेवा पाठांतराने व मुद्रणाने टिकला. गाडगेबाबांनी एक ओळही लिहिली नाही. त्यांचे गाणे प्रसंगी जन्मे आणि प्रसंगाबरोबर संपे. एकाच लोकगायनाच्या मुळातून निघालेल्या या दोन शाखा आहेत, आणि दुसरीचा अभ्यास पहिलीहून अधिक कठीण आहे.

बोलीचा प्रश्न

गाडगेबाबा महाराष्ट्रभर फिरले, पण त्यांनी आपली बोली बदलली नाही. मराठीचा ‘मला’ त्यांच्या तोंडी ‘मले’च राहिला. ‘ळ’च्या जागी ‘य’ येऊन ‘डोळा’चा ‘डोया’ होणे, ‘ण’चा ‘न’ होणे ही वऱ्हाडीची लक्षणे पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित श्रोत्यांना गावंढळ वाटत. नाटकात वऱ्हाडी बोलणारे पात्र हसविण्यासाठी येई. अशा काळात मंत्री, व्यापारी, प्राध्यापक यांच्यासमोर हा माणूस तीच बोली वापरून त्यांना प्रश्न विचारीत होता आणि त्यांना उत्तर द्यावे लागत होते. बोलीची प्रतिष्ठा तिच्या गौरवगीतांपेक्षा अशा व्यवहारातून अधिक वाढते.

मुद्रणात मात्र या बोलीची हानी झाली आहे. त्यांच्या उपदेशाचे सार प्रमाण मराठीत, क्रमांक घालून छापले जाते. त्यात आशय राहतो, परंतु प्रश्नाची उठावणी, थांबा, पुनरुक्ती आणि जमावाचा प्रतिसाद गळून पडतो. या दृष्टीने प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर यांची चरित्रे मोलाची आहेत. दांडेकरांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याचा. त्यांनी बाबांचा सहवास अनुभवला होता आणि वऱ्हाडी त्यांच्या कानांत होती. १९७७ साली आलेल्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटाने हे जीवन पडद्यावर आणले.

अखेरचे पर्व

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेनुसार वऱ्हाड मध्यप्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर जेमतेम आठवड्याने, ८ नोव्हेंबरला, गाडगेबाबांचे कीर्तन मुंबईत वांद्रे येथे झाले, आणि त्याचे ध्वनिमुद्रण झाले. या योगायोगाकडे अभ्यासकांनी लक्ष द्यावयास हवे. वऱ्हाडी माणसाच्या भाषेला नव्या राज्याच्या राजधानीत कोणते स्थान मिळेल, हा प्रश्न तेव्हा वऱ्हाडात अनेकांच्या मनात होता. राजकीय उत्तर अनिश्चित असताना ती बोली तेथे, ऐंशी वर्षांच्या थकलेल्या आवाजात, कोणतेही स्पष्टीकरण न देता उभी राहिली आणि मुंबईकरांनी तिला झील धरली.

६ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांची समाधी अमरावतीत आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाला लाभले.

समारोप

गाडगेबाबांच्या चरित्रावरून लोकगायन आणि अस्मिता यांच्या संबंधाविषयी एक निष्कर्ष काढता येतो. प्रादेशिक अस्मिता म्हणजे जुन्या चालीरीतींची बेरीज मानली, तर गाडगेबाबा तिचे विरोधक ठरतात. त्यांनी बळी, दारू, पंक्तिभेद, ऋण काढून केलेले सण या साऱ्यांना नकार दिला. परंतु त्यांनी टिकविले ते याहून खोलवरचे होते. एकाने उचलावे आणि सर्वांनी पुरे करावे ही गायनाची रीत, हाताच्या टाळीची लय, आणि मायबोली. वऱ्हाडने आपले म्हणून ओळखले ते हेच. लोकपरंपरेतील काय सोडावे आणि काय राखावे याचा विवेक परंपरेच्या आतूनच येऊ शकतो, हे या चरित्राने सिद्ध केले.

यातून अभ्यासाची एक दिशाही स्पष्ट होते. लोकगीतांच्या संग्रहात केवळ गाणाऱ्याचे शब्द नोंदविणे अपुरे आहे. प्रतिसाद देणाऱ्यांचा वाटा, थांबे, पुनरावृत्ती आणि बोलीतील उच्चार यांचीही नोंद झाली पाहिजे. गाडगेबाबांच्या उपलब्ध ध्वनिमुद्रणाचे बोलीसह काटेकोर लिप्यंतर हे त्या दिशेने करावयाचे पहिले काम होय. ज्यांनी त्यांच्या कीर्तनात झील धरली, ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. तिच्या नातवंडांच्या कानांत वऱ्हाडी अद्याप आहे, तोवर हे काम होणे अगत्याचे आहे.